घरातली बंदूक : आधी जमा, मग भाव



शेळी विकायची म्हटलं तर तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. दात बघायचे, वजनाचा अंदाज घ्यायचा, आठवडी बाजारात तीन व्यापाऱ्यांना विचारायचं, आणि पहिल्या आकड्याला कधीच हो म्हणायचं नाही. आपल्या उस्मानाबादी शेळीचा भाव कसा काढायचा हे तुमच्याकडूनच मी शिकले. पण एक वस्तू अशी आहे की तिच्यापुढं भल्याभल्या हुशार बायकासुद्धा गप्प होतात आणि मिळेल त्या पैशात देऊन मोकळ्या होतात. ती म्हणजे नवऱ्याच्या माघारी घरात राहिलेली परवान्याची बंदूक.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या अंकात हे काय! पण आपल्या आठही तालुक्यांत सैन्यातून निवृत्त झालेले, मग बँकेत किंवा कारखान्यावर गार्डची नोकरी केलेले पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडं स्वतःची बारा बोअरची बंदूक असते. रानडुकरांपासून पीक राखायला परवाना काढलेले शेतकरी आहेत. बंदूक त्यांच्या नावावर, परवाना त्यांच्या नावावर. माणूस गेला की दोन्ही गोष्टी बाईच्या अंगावर येऊन पडतात. खंडेनवमीला हळदकुंकू लावून पुजलेली ती वस्तू मग लोखंडी कपाटात तशीच राहते. तिच्याकडं बघितलं की दुःखही होतं आणि भीतीही वाटते.

एका ताईंची गोष्ट

भूम तालुक्यातल्या आपल्या एका ताई आहेत. नाव सांगत नाही, त्यांची परवानगी घेऊन फक्त गोष्ट सांगते. त्यांचे मालक सैन्यातून निवृत्त होऊन शहरात गार्ड होते. ते अचानक वारले. पुढं आठ महिने एकनळी बंदूक कपाटात होती. एक दिवस दीर म्हणाले, "वहिनी, ही घरात ठेवणं गुन्हा आहे. पोलीस आले तर तुम्हाला नेतील. मी चार हजार देतो, मला द्या. मी बघतो काय करायचं ते."

ताई घाबरल्या. गटाच्या बैठकीनंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, देऊन टाकू का? नको ती कटकट."

खरं सांगते, मी म्हणाले, "द्या की मावशी, घरातलेच तर आहेत." समाजकार्याची पदवी आहे माझ्याकडं, पण बंदुकीबद्दल मला काडीची माहिती नव्हती. घरी जाताना मनात आलं, आपण बघितल्याशिवाय बोललो. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, "मावशी, दोन दिवस थांबा." मग कायदा वाचला, वकील ताईंना विचारलं. तेव्हा कळलं की मी दिलेला सल्ला चुकीचा तर होताच, पण धोक्याचाही होता. दिरांकडं परवाना नव्हता. त्यांच्या हातात बंदूक दिली असती तर तेही अडकले असते आणि ताईही.

आणि दिरांचं बोलणं अर्धं खरं होतं. बंदूक घरात ठेवणं खरोखरच बेकायदा होतं. पण त्यावरचा उपाय "मला द्या" हा नव्हता.

पहिली गोष्ट : जमा करणं म्हणजे देऊन टाकणं नव्हे

हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी हा लेख वाचल्याचं सार्थक झालं.

शस्त्र अधिनियम, १९५९ हा आपल्या देशाचा बंदुकीविषयीचा कायदा. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नाही. माणूस गेला की त्या परवान्यावर दुसऱ्या कुणाला बंदूक ठेवता येत नाही, बायकोलाही नाही. विनापरवाना बंदूक बाळगली तर शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, शिवाय दंड अशी आहे. म्हणून "बघू नंतर" हे चालत नाही.

पण याच कायद्याच्या कलम २१ मध्ये वाट दिलेली आहे. ज्याच्याकडं ठेवण्याचा हक्क संपलेली बंदूक आहे, त्यानं उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडं जमा करायची. आणि जमा केल्यावर काय? ती सरकारची होत नाही. ठरलेल्या मुदतीत ती विकायचा आणि विक्रीचे पैसे घ्यायचा हक्क जमा करणाऱ्याचा असतो, आणि जमा करणारा वारला तर त्याच्या वारसांचा. घरातल्या कुणाला ठेवायची असेल तर त्याच्या नावानं परवाना झाल्यावर परतही मिळते.

मात्र मुदत संपली आणि आपण काहीच केलं नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते. मग एक रुपयाही मिळत नाही. म्हणून जमा करताना विचारायचं, "साहेब, मुदत कोणत्या तारखेपर्यंत?" आणि ती तारीख लिहून घ्यायची.

आता यात भावाचा काय संबंध? आहे, आणि मोठा आहे. जोवर बंदूक आपल्या कपाटात आहे तोवर आपण घाबरलेले, आणि घाबरलेल्या माणसाकडून वस्तू स्वस्तात निघते. ती जमा झाली, पावती हातात आली, की घाई समोरच्याला असते. आपण शांतपणे भाव विचारू शकतो.

एक राहिलंच. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, हे तुम्हाला माहीत आहे. काही घरांत असं झालंय की बंदूक तिथंच होती आणि मालक वारले. बायकांना वाटतं, गेली ती. गेलेली नाही. जुनी पावती शोधा आणि ठाण्यात जाऊन चौकशी करा.

जमा करताना

बंदूक भरलेली आहे असंच समजून वागायचं, कितीही जुनी असली तरी. स्वतः उघडून बघायची नाही, पोरांना हात लावू द्यायचा नाही. एकटीनं एसटीत पोत्यात गुंडाळून तर मुळीच न्यायची नाही. आधी पोलीस पाटलांना सांगा, ठाण्यात फोन करा, सगळी परिस्थिती सांगा आणि कशी आणायची ते त्यांनाच विचारा. सोबत गटातली एक मैत्रीण न्या.

काडतुसं असतील तर तीही मोजून जमा करायची. ती विसरून घरात राहिली तर तोही गुन्हाच.

पावतीवर एवढं आहे का बघा : बंदुकीचा प्रकार, बनवणाऱ्याचं नाव, बंदुकीवरचा नंबर, काडतुसांची संख्या, तारीख, सही-शिक्का. आणि बंदुकीची स्थिती. नळी गंजलेली नाही, दस्ता फुटलेला नाही, हे लिहून घ्या आणि परवानगी घेऊन तिथंच फोटो काढा. उद्या कुणी म्हणायला नको की आधीपासूनच खराब होती.

उशीर झाला असेल तर अर्जात खरं कारण लिहा. आपल्या ताईंनी लिहिलं की माहिती नव्हती आणि घरात दुःख होतं. त्यांची बंदूक जमा करून घेतली.

ती कुणाची? पैसे कुणाचे?

बंदूक ही मालमत्ता आहे, जशी गाडी किंवा बैलजोडी. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणं मृत्युपत्र नसेल तर माणसाच्या माघारी पहिला हक्क बायको, मुलगे, मुली आणि आई यांचा. दीर त्यात येत नाहीत. मुस्लिम मैत्रिणींसाठीही नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा ठरलेला हिस्सा आहे : मुलंबाळं असतील तर आठवा, नसतील तर चौथा. म्हणजे "पुरुषाची वस्तू, पुरुषांनी बघावी" हे खरं नाही.

मुलाला बंदूक ठेवायची असेल, तर शस्त्र नियम, २०१६ प्रमाणं वारस म्हणून तो स्वतःच्या नावानं परवाना मागू शकतो. वय २१ पूर्ण हवं आणि बाकीच्या वारसांची नाहरकत हवी. पण ठेवायची की विकायची हे आधी घरात बसून ठरवा. नुसत्या "असू द्या आठवण" म्हणून मुदत घालवू नका.

भाव कशावर ठरतो

याचा काही सरकारी दरफलक नाही. शेळीचे दात असतात तसे बंदुकीचेही असतात, ते बघता आले पाहिजेत.

एक, प्रकार. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक, ही पीक राखण्यासाठी परवान्यावर दिली जाते. तिला गिऱ्हाईक कमी आणि भावही कमी. बारा बोअरची एकनळी त्याहून वरची, आणि त्याच कंपनीची, तशाच स्थितीतली दुनळी साधारण एकनळीपेक्षा वरची. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असेल तर तो हिशोबच वेगळा, त्यात घाई अजिबात नको.

दोन, बनवणारा. नळीवर किंवा कळीच्या भागावर नाव कोरलेलं असतं. सरकारी आयुध निर्माणीची, छोट्या खाजगी कारखान्याची की विलायती, हे त्यावरून कळतं. १९८० च्या दशकापासून परदेशी बंदुका बाहेरून आणण्यावर कडक बंधनं आली. त्यामुळं सासऱ्यांच्या काळातली चांगल्या कंपनीची इंग्लंड-बेल्जियमची बंदूक "जुनाट लोखंड" म्हणून कुणी मागत असेल तर थांबा. ती मोलाची असू शकते. पण नुसतं जुनं म्हणजे महाग असंही नाही. नाव आणि स्थिती दोन्ही लागतात.

तीन, नळी. खरा भाव इथं ठरतो. जाणकार माणूस नळीत उजेड धरून बघतो. आतून आरशासारखी चकचकीत असेल तर उत्तम. गंजाचे खड्डे, फुगवटा किंवा पोचा असेल तर भाव उतरतो, आणि ती वापरायलाही धोक्याची ठरते.

चार, बाकीचं अंग. दस्त्याचं लाकूड चिरलंय का, बिजागरी सैल आहे का, घोडा नीट बसतो का.

पाच, कागद. मूळ परवाना, त्यावरची बंदुकीची नोंद आणि बंदुकीवरचा नंबर हे तिन्ही जुळलं पाहिजे. कागद पूर्ण असलेली साधी बंदूक लवकर विकते. कागद अर्धवट असेल तर भारी बंदूकही पडून राहते. खरेदीची जुनी पावती सापडली तर सोन्याहून पिवळं.

विकायच्या आधी हे करू नका

घासूनपुसून चकचकीत करू नका. पॉलिश पेपर मारला, दस्त्याला रंग लावला की जाणकाराच्या डोळ्यात भाव पडतो. आणि घासताना नंबर पुसला गेला तर संकटच. नंबर किंवा बनवणाऱ्याची खूण पुसणं, बदलणं हा कायद्यानं गुन्हा आहे, आणि खूण नसलेली बंदूक विकताच येत नाही.

"जरा घरी नेऊन बघतो" म्हणणाऱ्याला देऊ नका, मग तो पाहुणा असो की गावचा पुढारी. बघायचं ते ठाण्यात किंवा विक्रेत्याच्या दुकानात.

विसार म्हणून रोख पैसे घेऊन तोंडी शब्द देऊ नका.

विकायच्या दोन वाटा

पहिली वाट, परवानाधारक शस्त्र विक्रेता. असे विक्रेते मोठ्या शहरांत असतात. दोन प्रकारे व्यवहार होतो. एकात तो स्वतः विकत घेतो. पैसे लगेच, पण भाव कमी, कारण त्याला त्यावर नफा काढायचा असतो. दुसऱ्यात बंदूक त्याच्याकडं ठेवायची, गिऱ्हाईक आलं की तो विकणार आणि आपलं कमिशन कापून पैसे देणार. इथं भाव बरा मिळू शकतो, पण वेळ लागतो. कमिशन किती, ठेवण्याचं भाडं किती, हे आधी कागदावर घ्या. नाहीतर भाड्यातच भाव संपायचा.

दुसरी वाट, थेट परवानाधारक माणूस. गार्डची नोकरी करणारे, नुकताच परवाना मिळालेले, असे घेणारे असतात. मधला माणूस नसल्यानं दोघांचाही फायदा. पण घेणाऱ्याचा परवाना चालू हवा, त्याच प्रकारच्या बंदुकीचा हवा, आणि त्यावर जागा हवी. २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन ठेवता यायच्या. आधीच दोन असलेला माणूस कितीही पैसे दाखवू दे, तो घेऊ शकत नाही.

मालक हयात आहेत आणि वयामुळं त्यांनाच विकायची आहे, अशी घरं असतील तर त्यांनी कलम ५ लक्षात ठेवावं. विकण्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं : विकायची आहे, आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता हा. कळवल्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे, मगच बंदूक द्यायची. कळवल्याची पोच जपून ठेवायची.

माणूस गेला असेल तर जमा केलेल्या बंदुकीच्या विक्रीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा. शस्त्र परवान्याचं काम तिथंच चालतं. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, जमा पावती, वारसाचा पुरावा, बाकीच्या वारसांची नाहरकत, आधार आणि बँक पासबुकाची प्रत ठेवा. प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी राहू द्या.

घासाघीस

कमीत कमी तीन ठिकाणी विचारा. फोनवर फोटो पाठवून मिळालेला भाव हा नुसता अंदाज, बंदूक हातात घेऊन बघितल्यावरचा खरा. विचारताना आपला आकडा आधी सांगू नका. "तुम्ही काय द्याल?" एवढंच म्हणा. कुणी फार कमी सांगितलं तर भांडू नका, "कमी का?" असं विचारा. नळी खराब म्हणाला तर "दाखवा" म्हणा. खरा जाणकार दाखवतो. नुसता दाबणारा विषय बदलतो.

पैसे बँकेतून घ्या, आणि थेट आपल्या खात्यात. विक्रीच्या कागदावर किंमत, नंबर, घेणाऱ्याचा परवाना क्रमांक आणि तारीख असू द्या. आणि बंदूक त्याच्या परवान्यावर चढल्याची नोंद झाली की तिची प्रत मागून घ्या. पुढं त्या बंदुकीचं काहीही झालं तर हाच कागद तुमची ढाल.

कागदच नसतील तर

काही जुन्या माळवदाच्या घरांत निजामाच्या काळापासूनची, परवानाच नसलेली बंदूक निघते. तिच्या बाबतीत भावाचा विचार सोडून द्या. विकणं, देणं, पुरणं, विहिरीत टाकणं, यातलं काहीही करू नका. आधी वकिलांचा सल्ला घ्या आणि त्यांच्यामार्फत पोलिसांना कळवा. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून अडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणं प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. परवान्याच्या बंदुकीत वारसांचं भांडण असेल तरी हाच नंबर.

ताईंचं काय झालं

ताईंनी बंदूक जमा केली. दिरांना सांगितलं, "तुमच्याकडं परवाना असता तर तुम्हालाच दिली असती." त्यावर त्यांना बोलायला जागा राहिली नाही. एका विक्रेत्यानं नऊ हजार सांगितले, दुसऱ्यानं अकरा. ताईंचे मालक नळी फार जपायचे, दर दिवाळीला तेल द्यायचे, हे बघणाऱ्याच्या लक्षात आलं. शेवटी परवाना असलेल्या एका गार्डनं पंधरा हजारांना घेतली. कागदपत्रांना चार-साडेचार महिने लागले, तीन वेळा जिल्ह्याला फेऱ्या झाल्या, त्यातल्या एकीत साहेबच नव्हते. हा आकडा त्या एका बंदुकीचा आहे, तुमच्याकडच्या बंदुकीचा वेगळा असेल. पण चार हजार आणि पंधरा हजार यांत जो फरक आहे, तो भीतीचा आहे.

पैसे थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या फीला गेले. विकायच्या दिवशी ताईंनी ठाण्यातच बंदुकीला हात लावून नमस्कार केला. म्हणाल्या, "त्यांनी हिच्यावर आमचं पोट भरलं, आता पोरगी शिकतेय."

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा लेख वाचून दाखवा. प्रत्येक गटात विचारा, कुणाच्या घरी अशी वस्तू आहे का, आणि मालक हयात असतील तर परवाना कुठं ठेवलाय, नंबर काय, हे घरातल्या बाईला माहीत आहे का. सगळ्यांसमोर बोलायला कुणी लाजत असेल तर नंतर तिच्या घरी जा, किंवा मला निरोप द्या. मी येते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक